पी०१७१ आला म्हणून सेन्सर बदलू नका

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला की बेळगावात दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण "चालतीय की गाडी, मग कशाला?" म्हणत महिनोन्महिने तशीच हाकतात. काही जण त्याच दिवशी गॅरेज गाठतात, "स्कॅनिंग करून बघा" म्हणतात आणि स्कॅनरवर बिघाडाचा जो कोड येईल (पी०१७१ हा त्यातलाच एक), त्यावरून ज्या पार्टचं नाव निघेल तो बदलून घेतात. पैसे दोघांचेही जातात. पहिल्याचे उशिरा जातात आणि बहुधा जास्त जातात, एवढाच फरक.

मधला एक रस्ता आहे आणि तो फार महाग नाही. ५००-७०० रुपयांपासून मिळणारा एक छोटा अडॅप्टर, मोबाइलमधलं एक अ‍ॅप आणि त्यातले आकडे वाचायची थोडी सवय, एवढ्यावर काम भागतं. घरच्या घरी इंजिन खोला असं मी कुणालाच सांगणार नाही. पण गाडी मिस्त्रीच्या हवाली करण्याआधी तिला नेमकं कुठं दुखतंय याचा अंदाज मालकाला असावा. जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला तर याची जास्तच गरज. कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात, आणि पावसात घाटरस्त्याने गाडी तिथवर न्यावी की टो करून घ्यावी, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो.

तो सॉकेट कशासाठी आहे

स्टीअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, बॉनेट उघडायच्या खटक्याजवळ किंवा फ्यूज बॉक्सच्या आसपास १६ पिनांचा एक सॉकेट असतो. काही गाड्यांत त्यावर प्लास्टिकचं झाकण असतं. हा ओबीडी पोर्ट, म्हणजे ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्सचा, गाडीने स्वतःच केलेली तपासणी वाचायचा. त्याचा जन्म गाडी दुरुस्त करणं सोपं व्हावं म्हणून झालेला नाही. कॅलिफोर्नियात गाड्यांच्या धुराने हवा बिघडली, तेव्हा तिथल्या सरकारने कंपन्यांना सांगितलं की धूर वाढेल असा बिघाड गाडीने स्वतः ओळखला पाहिजे आणि चालकाला कळवला पाहिजे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींत एकाच आकाराचा सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. युरोपने पेट्रोल गाड्यांना २००१ मध्ये हीच अट घातली. आपल्याकडे बीएस-४ सोबत २०१० मध्ये पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा.

हा इतिहास सांगायचं कारण आहे. ही यंत्रणा मुळात धुराची राखणदार आहे, त्यामुळे धुराशी संबंध नसलेल्या गोष्टींची तिला पर्वा नसते. ब्रेक पॅड झिजून पत्रा लागला, क्लच सरकतोय, टायर गुळगुळीत झालेत, चाकाचं बेअरिंग ओरडतंय, ऑइल काळं पडलंय, यातल्या कशानेही इंजिनाचा दिवा पेटणार नाही. "स्कॅन केलं, काही नाही निघालं" म्हणजे गाडी ठणठणीत असा अर्थ काढू नका. त्या गोष्टींसाठी जुनेच उपाय: कान, डोळे आणि किलोमीटरची वही.

२०१३ नंतरच्या बहुतेक मोटारी साध्या अडॅप्टरशी बोलतात. २०१० च्या आधीच्या कितीतरी गाड्यांत सॉकेट दिसतो, पण आतला संवाद कंपनीच्या खाजगी पद्धतीने चालतो. तिथे स्वस्त अडॅप्टर नुसता "कनेक्ट होत आहे" दाखवत राहतो. तो बिघडलाय असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

अडॅप्टर घेताना

बाजारात जे मिळतं त्यावर बहुधा ईएलएम३२७ लिहिलेलं असतं. ही मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीची नक्कल झाली, नकलेची नक्कल झाली, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. खोक्यावर "आवृत्ती १.५" छापलेलं दिसतं. गंमत अशी की मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तरी कोड वाचण्याइतपत काम यातले बरेच अडॅप्टर नीट करतात. काही मात्र मधेच सुटतात किंवा आकडे फार सावकाश दाखवतात. चार पैसे जास्त टाकून ओळखीच्या ब्रँडचा घेतला तर डोकेदुखी कमी. अँड्रॉइड फोनला साधा ब्लूटूथ चालतो. आयफोनला वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो. घेण्याआधी हे विचारा.

अ‍ॅपमध्ये टॉर्क आणि कार स्कॅनर ही दोन नावं जास्त वापरात आहेत. काही गाड्यांसाठी खास सॉफ्टवेअर आहे: फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस, फोर्डसाठी फॉरस्कॅन. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. फिगो आणि इकोस्पोर्ट वापरणाऱ्यांना तेव्हापासून फॉरस्कॅन मोठाच आधार झाला आहे. एबीएस, एअरबॅग, बॉडी कंट्रोल असे सगळे भाग ते वाचू शकतं. मात्र त्यासाठी गाडीतल्या दोन्ही अंतर्गत नेटवर्कवर बदलता येणारा अडॅप्टर लागतो, साध्याने अर्धवट चित्र दिसतं.

जोडणं सोपं आहे. इंजिन बंद ठेवा, अडॅप्टर सॉकेटमध्ये बसवा, चावी "ऑन"वर आणा, फोनच्या ब्लूटूथमधून जोडा (पासवर्ड बहुधा १२३४ किंवा ००००), मग अ‍ॅप उघडा. हाच सोपा पासवर्ड धोक्याचाही आहे. स्वस्त अडॅप्टर सॉकेटमध्येच ठेवून गेलात तर शेजारी उभा असलेला कुणीही फोनवरून गाडीशी बोलू शकतो. शिवाय पोर्टच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट कायम असतो, चावी काढली तरी. अडॅप्टरने ४० मिलिअँपिअर खाल्ले तरी दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर जातो. गणपतीला गावी गेलात, गाडी दोन-तीन आठवडे दारात उभी राहिली, की परत आल्यावर सेल्फ नुसता "टक्" करणार. वाचून झालं की काढून डॅशमध्ये टाका.

कोड म्हणजे तक्रार अर्ज

कोडमध्ये एक अक्षर आणि चार आकडे असतात. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनची बाजू, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांमधला आपसातला संवाद. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. त्यापुढचा आकडा विभाग सांगतो: १ आणि २ हवा-इंधनाचे, ३ ठिणगी आणि मिसिंगचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचा), ४ धूर कमी करणाऱ्या उपकरणांचा, ७ गिअरबॉक्सचा. मिस्त्री घरी कन्नड बोलणारा असो, मराठी की उर्दू, पी०४२० सगळ्यांना एकच. सीमाभागात इतक्या बिनतक्रार चालणाऱ्या गोष्टी फार नाहीत.

आता मुद्द्याचं. कोड हा तक्रार अर्ज असतो, निकाल नसतो. पी०१७१ म्हणजे "ऑक्सिजन सेन्सर खराब" असं नाही. "इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, मी भरपाई करून थकलो," एवढंच कॉम्प्युटर म्हणतोय. ज्या सेन्सरने ही तक्रार कळवली त्यालाच आपण काढून फेकतो, हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा रिवाज आहे. नवा सेन्सर लावतात, कोड पुसतात, दिवा चार दिवस बंद राहतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा पेटतो. सेन्सर पहिल्यापासून खरंच सांगत होता.

अर्ज नुसता मथळा वाचून बाजूला ठेवू नका. त्याला "फ्रीझ फ्रेम" जोडलेली असते. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, वेग किती, लोड किती, हे सगळं त्यात असतं. थंड इंजिनावर, उभ्या गाडीत आलेली तक्रार आणि चोर्ला घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये आलेली तक्रार, कोड एकच असला तरी कारणं वेगळी निघू शकतात. पहिलं काम म्हणून या पानाचा स्क्रीनशॉट काढा. कोड पुसला की हे पानही पुसलं जातं.

काही कोड "पेंडिंग" दिसतात. बऱ्याच बिघाडांत कॉम्प्युटर पहिल्या फेरीत (इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एक फेरी) नुसती नोंद करतो, दुसऱ्या फेरीतही तेच दिसलं तर दिवा पेटवतो. उलट सलग तीन फेऱ्या बिघाड दिसला नाही तर दिवा आपोआप विझतो, कोड मात्र इंजिन ४० वेळा थंडाचं गरम होईपर्यंत आठवणीत राहतो. दिवा विझलेल्या गाडीतही वाचण्यासारखं काही सापडतं ते यामुळे.

पी०१७१ची चौकशी कशी करायची

इथे जरा थांबतो, कारण हे एक समजलं की बाकीचं अर्धं समजतं.

सायलेन्सरच्या तोंडाशी, इंजिनाला लागून ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून बाहेर पडलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय हे तो सांगतो. ऑक्सिजन जास्त उरला तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कमी उरला तर घटवतो. हे सेकंदाला अनेकदा चालू असतं. ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के वाढवलं-घटवलं, तो आकडा म्हणजे "फ्यूएल ट्रिम". क्षणाक्षणाला हलणारी ती शॉर्ट टर्म, आणि तिच्यावरून हळूहळू शिकलेली ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर गाडी सुखात आहे. अधिक २५ च्या आसपास गेली की बहुतेक गाड्या पी०१७१ची तक्रार नोंदवतात.

इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद, गाडी उभी. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, दोन्ही ट्रिमची बेरीज लिहून घ्या. मग रेस देऊन आरपीएम २५०० वर अर्धा मिनिट धरा आणि पुन्हा बघा. आयडलला अधिक २२ आणि २५०० वर अधिक ५ असं दिसलं तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय. इनटेकचा पाइप चिरलाय, व्हॅक्यूमची नळी सुटलीय, गॅस्केट फुंकतंय, यांपैकी काहीतरी. आयडलला इंजिन थोडीच हवा ओढतं, त्यात ही चोरटी हवा मोठी भासते. रेस दिल्यावर खरी हवा इतकी वाढते की चोरटीचा हिस्सा नगण्य होतो. याच्या उलट, आयडलला सगळं ठीक आणि लोड वाढेल तसा आकडा चढत गेला, तर पेट्रोल कमी पडतंय: फ्यूएल पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने कमी मोजतोय. या दोन आकड्यांनी निम्म्या शक्यता बाद होतात आणि एकही बोल्ट उघडावा लागत नाही.

मग उद्यमबागेत किंवा जिथे तुमचा मिस्त्री असेल तिथे जाऊन "दिवा पेटलाय, बघा जरा" म्हणण्याऐवजी असं म्हणता येतं: "अण्णा, पी०१७१ आलाय. आयडलला ट्रिम बावीस, अडीच हजारावर पाच. इनटेकच्या नळ्या बघा की आधी." चांगला मिस्त्री यावर खूश होतो, त्याचा वेळ वाचतो. जो चिडतो त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळलेलंच असतं.

ट्रिम बघताना आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, १० टक्के मिश्रणाला १४.१ पट आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेरा पट. १० टक्क्यांचा हिशेब धरून बनवलेल्या गाडीत २० टक्क्यांचं पेट्रोल टाकलं की लाँग टर्म ट्रिम चारेक टक्क्यांनी वर सरकणं साहजिक आहे. तेवढ्यावरून बिघाड शोधत बसू नका. पण आधीच अधिक १५ वर असलेली गाडी या चार टक्क्यांनी काठावर येते, हेही खरं.

बेळगावची हवा ९२

चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतला दाब मोजणारा एमएपी सेन्सर, दुसरं काहीच दाखवू शकत नाही, फक्त बाहेरच्या हवेचा दाब. समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९२-९३ दिसायला हवा. पणजीला उतरलात की तोच आकडा शंभरीच्या वर जातो. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी गोव्यात जरा चपळ वाटते, त्यामागे हेच ८-९ टक्के हवेचं कारण आहे. बेळगावात उभ्या गाडीत हा सेन्सर १०१ किंवा ८० दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय, आणि त्याच्यावर विसंबून कॉम्प्युटर पेट्रोलही चुकीचं मोजतोय. इंजिन सुरू करून गरम झाल्यावर आयडलला हा आकडा ३० ते ४० पर्यंत उतरतो.

असाच आणखी एक सोपा पुरावा: उणे ४०. इनटेक हवेचं किंवा कूलंटचं तापमान उणे ४० अंश दिसलं, तर डिसेंबरातल्या पहाटेच्या थंडीला दोष देऊ नका. सेन्सरची वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला की कॉम्प्युटरला तोच आकडा दिसतो. कोड पी०११३ किंवा पी०११८ असा येतो, आणि कूलंटच्या बाबतीत रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहतो. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. एका रात्रीत एकदम तीन-चार असंबद्ध कोड आले तर सेन्सरची यादी करण्याआधी टॉर्च घेऊन वायरिंगचा जुडगा बघा. खानापूरच्या बाजूला, जिथे चार महिने सगळं ओलंच असतं, तिथे कनेक्टर उघडल्यावर आत हिरवट गंज दिसतो. तो साफ करून पुन्हा घट्ट बसवला की कधी कधी कोड परत येतच नाही.

बॅटरीचंही तसंच. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना साधारण साडेतेरा ते पावणेपंधरा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. स्मार्ट अल्टरनेटरच्या (गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या) गाड्यांत चालू इंजिनावर मधेच १२.५ दिसतो, तो बिघाड नाही. कमकुवत बॅटरीमुळे यू अक्षराचे कोड ढीगभर येतात. महागडा कंट्रोल युनिट (गाडीतला कॉम्प्युटर) बदलायचा सल्ला मिळाला तर आधी बॅटरी तपासून घ्या.

मिसिंग मारणारी गाडी

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, पी०३०२ दुसऱ्यात, याप्रमाणे. पी०३०० म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. ज्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे तिथे परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, एक फेरी मारून या. तक्रार पी०३०२ वर सरकली तर कॉइल खराब. जिथल्या तिथे राहिली तर पुढची पाळी प्लगची, मग इंजेक्टरची.

दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर नाही. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतंय. ५०० रुपयांच्या प्लगसाठी काही हजारांचा कन्व्हर्टर वितळवायचा नसेल तर ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या. कन्व्हर्टरचा स्वतःचा कोड पी०४२०. तो आला तरी आधी सायलेन्सरला कुठे गळती आहे का आणि कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर काय सांगतोय ते बघायचं. चांगला कन्व्हर्टर असेल तर पुढचा सेन्सर भराभर वरखाली होतो आणि मागचा जवळपास सपाट राहतो. मागचाही पुढच्याच तालात हलू लागला तर कन्व्हर्टर संपत आला.

डिझेलवाल्यांसाठी

बीएस-६ डिझेल गाडी घेऊन जे शहापूरहून टिळकवाडी आणि परत एवढंच करतात, त्यांना मी विचारतो, ही गाडी घेताना तुम्हाला कुणी का थांबवलं नाही? त्या गाडीत डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी. काजळी साठली की गाडी जास्तीचं डिझेल टाकून सायलेन्सरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन गरम असावं लागतं आणि गाडी १०-२० मिनिटं बऱ्या वेगात सलग चालावी लागते. तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधी पूर्णच होत नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते पातळ झालंय.

गाडीनुसार प्रोफाइल निवडता येणाऱ्या अ‍ॅपमध्ये काजळीची पातळी आणि सायलेन्सरचं तापमान दिसतं. पातळी चढत असेल तर हायवेला लागा आणि संकेश्वर-निपाणीच्या दिशेने सलग अर्धा तास, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने, जाऊन या. घाट उतरून काही साधत नाही, उतारावर इंजिनावर लोडच नसतो. रिजनरेशन चालू आहे हे आयडलचा आरपीएम थोडा वाढल्याने, पंख्याच्या आवाजाने आणि एव्हरेज अचानक पडल्याने ओळखू येतं. अशा वेळी इंजिन बंद करू नका. आणि ऊसतोडीच्या दिवसांत शेताकडेला गाडी लावाल तर खाली वाळलेलं पाचट नाही ना, हे बघा. ६०० अंश काही थोडके नाहीत. पी२४६३ आला म्हणजे काजळी जास्तच साठली. आता हायवेच्या फेऱ्या मारत बसू नका, सर्व्हिस सेंटरकडून गाडी उभी करून रिजनरेशन करून घ्या.

घाट आणि तापमान

कितीतरी नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे थंड, लाल म्हणजे उशीर झाला. मधलं सगळं स्कॅनरवर दिसतं. निरोगी इंजिन ८५ ते १०५ अंशांत राहतं. हायवेवर ते ६५-७० वरच अडकत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. एव्हरेज घटतं, आणि पी०१२८ येतो. उलट, चोर्ला घाट एसी लावून चढताना १०० वरून ११०, ११५ असं चढू लागलं तर लाल दिव्याची वाट न बघता एसी बंद करा आणि सुरक्षित जागी थांबा. आकडे शेजारी बसलेल्याला वाचायला लावा. चालवता चालवता मोबाइलमध्ये डोकावणं कुठल्याही बिघाडापेक्षा घातक. एकटेच असाल तर अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग लावून ठेवा, घरी येऊन ग्राफ बघा.

कुठे हात लावू नये

वाचणं आणि बदलणं यात फरक आहे. व्हीसीडीएस, फॉरस्कॅनसारख्या सॉफ्टवेअरमधून कंट्रोल युनिटची सेटिंग बदलता येतात आणि लोक आरशाच्या घड्या घालण्यापासून बरंच काही करतात. लिहिणं चालू असताना बॅटरी पडली तर युनिट निकामी होऊ शकतं, म्हणून असलं काही करताना बॅटरीला चार्जर लावलेला हवा. मूळ सेटिंगची प्रतही आधी जपून ठेवायची. वॉरंटीतल्या गाडीत नुसतं वाचा. एअरबॅगचा कोड आला तर तो वाचून थांबा. त्या वायरिंगला मल्टिमीटरही लावायचा नाही, मीटरच्या किंचित करंटनेही एअरबॅग फुटण्याचा धोका असतो.

कोड पुसायचं बटण अ‍ॅपमध्ये ठळक असतं म्हणून दाबायचं नसतं. त्याने फ्रीझ फ्रेम जाते, गाडीने शिकलेल्या ट्रिम जातात, आणि काही दिवस आयडल डळमळतं. दुरुस्ती झाल्यावरच पुसा.

गाडी चांगली चालत असताना एकदा सगळे आकडे उतरवून ठेवा: आयडलचा आरपीएम, दोन्ही ट्रिम, कूलंट, व्होल्टेज, चावी ऑनला एमएपी. दरवर्षी मिरगाच्या आधी पुन्हा बघा. पुस्तकातल्या "नॉर्मल" आकड्यांपेक्षा तुमच्याच गाडीचा जुना आकडा जास्त कामाचा.

जुनी गाडी बघायला जाताना

इथे या खेळण्याची खरी किंमत वसूल होते. कोल्हापूरची एमएच-०९ असो, गोव्याची असो की इथलीच केए-२२, गाडी बघायला जाताना अडॅप्टर खिशात असू द्या. एनओसी, इथला लाइफटाइम टॅक्स, ही कागदांची कटकट नंतरची. आधी अ‍ॅपमध्ये "रेडिनेस मॉनिटर" उघडा. म्हणजे गाडीने स्वतःवर घेतलेल्या चाचण्या. कोड पुसले की त्या सगळ्या "अपूर्ण" होतात आणि पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र ड्रायव्हिंग लागतं. "रोज ऑफिसला वापरतो" म्हणणाऱ्या मालकाच्या गाडीत बहुतेक चाचण्या अपूर्ण असतील, तर काल-परवा कुणीतरी दिवा पुसलाय किंवा बॅटरीची वायर काढून ठेवली होती. त्यासोबत "कोड पुसल्यापासूनचं अंतर" हाही आकडा बऱ्याच गाड्यांत मिळतो. तिथे १२ किलोमीटर दिसलं तर विचारायचं, "काका, हे काय काढलं होतं?" उत्तरापेक्षा उत्तराला लागलेला वेळ बघा.

शेवटी वाहनाची माहिती या पानावर चेसिस नंबर असतो, कॉम्प्युटरमध्ये साठवलेला. तो आरसी बुकाशी आणि गाडीवर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. तिन्ही जुळले तर पुढची बोलणी. कॉम्प्युटरमधला वेगळा निघाला तर कंट्रोल युनिट दुसऱ्या गाडीचं आहे. पुरात किंवा अपघातात जुनं गेलं असेल, तसं व्हायलाही हरकत नाही, पण मग बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर दुसरी गाडी बघा.